गाणे विसरलेला पक्षी

कोतवाल पक्षी तुम्ही नक्कीच पाहिला असेल. काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा, विजेच्या तारेवर ऐटीत बसणारा. हा पक्षी कधी कधी हुबेहूब शिक्र्यासारखा ओरडतो आणि ऐकणारा आकाशात शिक्रा शोधत राहतो. सह्याद्रीच्या दाट रानात राहणारा त्याचा भाऊबंद भृंगराज तर कितीतरी पक्ष्यांचे आवाज काढतो. पण नकला करण्यात ज्याचा हात क्वचितच कोणी धरील, असा पक्षी पाहायचा तर आपल्याला विषुववृत्त ओलांडून ऑस्ट्रेलियात जावे लागेल. चला तर, दुर्बीण, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक घेऊन मनानेच तिथे जाऊ. परत येताना आपल्याबरोबर एक चिंतेची गोष्ट असेल आणि एक आशेचीही.

रानाच्या तोंडाशी

महिना जूनचा. आपल्याकडे पहिल्या सरी कोसळत आहेत, पण दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळा आहे. मेलबर्न शहराच्या पूर्वेला डँडेनाँग नावाच्या डोंगररांगा आहेत. त्यांत शेरब्रूकचे जंगल आहे. ऑस्ट्रेलियात रानाला 'बुश' म्हणतात आणि त्यातून जाणाऱ्या पायवाटा हौशी पक्षीनिरीक्षकांच्या आवडीच्या असतात. सूर्य साडेसातच्या सुमारास उगवेल. आपण त्याच्या आधी पोहोचलो आहोत.

जिथे मोटारी उभ्या करतात तिथेच एक ओळखीचा आवाज येतो. अहो, ही तर आपली साळुंकी! १८६० च्या दशकात पिकांवरचे किडे खाण्यासाठी म्हणून साळुंक्या मेलबर्नला नेऊन सोडल्या. आता त्या झाडांच्या ढोल्या बळकावतात आणि तिथल्या मूळ पक्ष्यांना घरटी करायला जागा उरत नाही. आपल्या अंगणातला गुणी पक्षी परक्या मुलखात उपद्रवी ठरतो तो असा. पण आपण आलो आहोत ते मूळच्या रहिवाशांना भेटायला.

ऑस्ट्रेलियातल्या अनेक रानवाटांच्या तोंडाशी बूट घासायचा ब्रश ठेवलेला असतो. बुटाला चिकटलेल्या चिखलातून झाडांची मुळे कुजवणारा एक सूक्ष्मजीव एका रानातून दुसऱ्या रानात जातो, म्हणून ही काळजी. पक्षी पाहायला आलेल्या माणसाने पक्ष्यांचे घरच मारू नये, नाही का?

आत शिरलो की माना वर कराव्या लागतात. हे 'माउंटन अ‍ॅश' जातीचे निलगिरी वृक्ष. फुले येणाऱ्या वृक्षांत जगात सर्वांत उंच तेच. त्यांच्याखाली माणसापेक्षा उंच नेचे छत्रीसारखे पसरलेले. खाली ओला पालापाचोळा आणि अंधूक उजेड.

तेवढ्यात कूकाबुरा हसतो. त्यामागून रोझेला पोपटाची शीळ येते, मग एक चाबूक कडाडतो, मग काकाकुवा ओरडतो. आपण झाडांवर दुर्बीण फिरवतो, पण तिथे यांपैकी एकही पक्षी नाही! सगळे आवाज येत आहेत जमिनीवरून, नेच्यामागच्या मातीच्या एका लहान उंचवट्यावरून. तिथे एक तपकिरी पक्षी उभा आहे. हाच तो लायरबर्ड.

शेपटीचे खोटे चित्र

लायर हे प्राचीन ग्रीकांचे तंतुवाद्य. लायरबर्डच्या नराच्या शेपटीत १६ पिसे असतात. त्यांपैकी कडेची दोन बाकदार पिसे लायरच्या बाजूंसारखी दिसतात, म्हणून हे नाव. एकोणिसाव्या शतकात मेलेले पक्षी पेंढा भरून युरोपात गेले. तिथल्या लोकांनी शेपूट लायरसारखी उभी करून ठेवली आणि चित्रेही तशीच निघाली. प्रत्यक्षात जिवंत पक्षी नाचताना शेपूट पाठीवरून पुढे, डोक्यावर, रुपेरी छत्रीसारखी पालथी घालतो. लायरचा आकार दिसला तर क्षणभरच दिसतो.

यातून काय समजले? मेलेला नमुना पक्ष्याचा आकार सांगतो, त्याचे वागणे सांगत नाही. त्यासाठी रानात जाऊन थांबावे लागते. १९३१ साली रे लिटलजॉन्स यांनी याच शेरब्रूकच्या जंगलात लायरबर्डचे चित्रण आणि ध्वनिमुद्रण केले. त्या काळची यंत्रसामग्री जड आणि बोजड होती. आज तेच काम खिशातला फोनही काही प्रमाणात करतो. पण 'काही प्रमाणात' का, हे समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र पाहू. घाबरू नका, सगळे हिशेब तोंडी करण्यासारखे आहेत!

उजेडाचा हिशेब

समजा, २० सेंटिमीटर लांबीचा एक पक्षी आपल्यापासून २० मीटर अंतरावर बसला आहे. भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर असेल, तर कॅमेऱ्यात पडणारी त्याची प्रतिमा भरते अवघी अर्धा मिलिमीटर. भिंग ४०० मिलिमीटरचे घेतले तर ती आठपट, म्हणजे ४ मिलिमीटर होते. म्हणून रानात लांब नाभीय अंतराचे भिंग लागते. पण प्रतिमा आठपट झाली की हाताचा कंपही आठपट दिसतो. तेव्हा तिकाटणे आलेच.

आता उजेड. चलचित्रात सेकंदाला साधारणपणे २५ चित्रे घेतात. प्रत्येक चित्रासाठी झडप सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी ठेवली असे धरा. लायरबर्डने शेपूट सेकंदाला एक मीटर वेगाने हलवली, तर तेवढ्या वेळात ती २ सेंटिमीटर सरकते आणि चित्र पुसट येते. झडप सेकंदाचा पाचशेवा भाग उघडी ठेवली तर शेपूट फक्त २ मिलिमीटर सरकेल आणि चित्र स्वच्छ येईल. मात्र उजेड एकदशांशच मिळेल. उंच झाडांखाली उजेड आधीच कमी! म्हणून चित्रण करणारे लोक मोठ्या व्यासाचे भिंग वापरतात आणि ढगांआडून ऊन येण्याची वाट पाहतात. रानात सर्वांत मोलाचे उपकरण म्हणजे धीर. ते दुकानात मिळत नाही.

सेकंदाला १०० चित्रे घेऊन ती २५ च्या वेगाने दाखवली, तर प्रत्येक हालचाल चौपट सावकाश दिसते. अशा चित्रफिती शांतपणे, पुन्हा पुन्हा पाहता येतात हाच त्यांचा मोठा फायदा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी लायरबर्डच्या नाचाच्या चित्रफिती तपासल्या. त्यांना आढळले की तो चार प्रकारची गाणी गातो आणि प्रत्येक गाण्याची नाचाची पावले वेगळी आहेत. एका गाण्याला शेपूट पसरून बाजूला पावले टाकायची, तर दुसऱ्याला शेपूट मिटून उड्या मारायच्या आणि पंख फडकावायचे. म्हणजे ठेका आणि पदन्यास यांचा मेळ पक्षीही घालतो.

आवाजाचा हिशेब

आवाज टिपण्यासाठी जवळ जावेसे वाटते. अंतर निम्मे केले की ध्वनीची तीव्रता चौपट होते, हे खरेच. पण आपण पाच पावले पुढे गेलो की पक्षी गाणे थांबवतो. मग काय करायचे?

दर वर्षी वर्गात कोणीतरी विचारतो, "सर, अन्वस्त या वक्राचा व्यवहारात उपयोग काय?" त्याचे एक उत्तर या रानात मिळते. अन्वस्ताच्या आकाराच्या थाळीवर समोरून आलेल्या ध्वनिलहरी परावर्तित होऊन एका बिंदूत, म्हणजे नाभीत, एकत्र येतात. तिथे मायक्रोफोन ठेवला की दूरचा आवाज जवळ आल्यासारखा ऐकू येतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. पक्ष्याच्या शिळेत सेकंदाला २,००० कंपने असतील तर तरंगलांबी झाली १७ सेंटिमीटर. ६० सेंटिमीटर व्यासाची थाळी ती सहज पकडते. दूरच्या रस्त्यावरच्या मालमोटारीचा घरघराट सेकंदाला १०० कंपनांचा धरला तर त्याची तरंगलांबी ३.४ मीटर. ती या थाळीला दाद देत नाही. नको असलेला आवाज आपोआप मागे पडतो, हा वरचा नफा!

आता मघाचा चाबूक आठवा. तो आवाज मूळचा 'व्हिपबर्ड' नावाच्या पक्ष्याचा. सेकंदाच्या लहानशा अंशात त्याचा स्वर झपकन बदलतो आणि चाबूक कडाडल्याचा भास होतो. त्यालाच जोडून 'चू-चू' असे दोन तुकडे ऐकू येतात. ऐकणाऱ्याला वाटते, हे सगळे एकच पक्षी म्हणतो आहे. पण एकमेकांपासून एक मीटरवर दोन मायक्रोफोन ठेवा. आवाज ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या मायक्रोफोनला तो आधी मिळतो. फरक फार तर सेकंदाच्या तीनशेचाळिसाव्या भागाचा, पण यंत्राला तो कळतो. चाबूक एका बाजूने आणि चू-चू दुसऱ्या बाजूने येते आहे, असे दिसू लागते. चाबूक ओढतो नर आणि उत्तर देते मादी! असा हा जोडीने म्हटलेला सवालजवाब आहे.

ध्वनिमुद्रण झाले की त्याचे चित्रही काढता येते. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर सेकंदाला होणारी कंपने. आवाज जितका मोठा तितकी खूण गडद. हा झाला ध्वनिआलेख. गायकासाठी स्वरलिपी असते, तशी ही पक्ष्यांची स्वरलिपी समजा. कान फसतात, पण दोन ध्वनिआलेख शेजारी ठेवले की कोणते गाणे अस्सल आणि कोणती नक्कल हे शोधायला मोठी मदत होते.

गाणे येते कोठून?

लायरबर्डचा एक नर २० ते २५ जातींच्या पक्ष्यांचे आवाज काढू शकतो. २०२१ च्या एका अभ्यासात तर असे दिसले, की मादी निघून जाऊ लागली की नर 'शत्रू आला, शत्रू आला' असा अनेक लहान पक्ष्यांचा एकत्र गलका एकटाच उभा करतो! ही नक्कल इतकी पक्की असते की खरे पक्षीही फसतात. करवत आणि कॅमेऱ्याची खटखट ऐकवणाऱ्या लायरबर्डच्या चित्रफिती मात्र जपून पाहा. त्यांतले काही प्रसिद्ध पक्षी माणसांच्या सहवासात, प्राणिसंग्रहालयांत राहिलेले होते. रानातले लायरबर्ड बहुतेक वेळा दुसऱ्या पक्ष्यांचीच नक्कल करतात. चित्रफीत पाहताना 'ही कोठे घेतली?' हा प्रश्न विचारायला विसरू नका.

आता एक विचार करा. लायरबर्ड या नकला शिकतो कोणाकडून? ज्यांची नक्कल करायची, त्या पक्ष्यांकडून? याचे नवलपूर्ण उत्तर टास्मानिया बेटावर मिळाले. तिथे पूर्वी लायरबर्ड नव्हते. १९३४ पासून काही पक्षी मुख्य भूमीवरून नेऊन सोडले. टास्मानियात व्हिपबर्ड मुळीच नाही. तरीही कित्येक वर्षांनंतर तिथल्या लायरबर्डच्या गाण्यात चाबूक कडाडताना ऐकू आला! ज्यांनी व्हिपबर्ड कधी ऐकला नाही, त्यांना चाबूक आला कोठून? वडीलधाऱ्यांकडून. आजीने नातवाला ओवी शिकवावी, तसे गाणे पिढीमागून पिढी चालत आले.

म्हणजे या पक्ष्यांचे गाणे रक्तातून येत नाही. ते शिकावे लागते. मग शिकवणारेच उरले नाहीत तर?

शिकवणारा हरवला

आता शेरब्रूक सोडून उत्तरेला, न्यू साउथ वेल्समधल्या विरळ निलगिरी वनांत जाऊ. तिथे 'रीजंट हनीईटर' नावाचा काळ्या-पिवळ्या पिसांचा, मध खाणारा सुंदर पक्षी राहतो. एके काळी त्याचे शेकडोंचे थवे दिसत. शेतीसाठी आणि कुरणांसाठी ती वने मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. आज रानात हे पक्षी केवळ काही शेच उरले आहेत, आणि तेही फार मोठ्या प्रदेशात विखुरलेले.

या पक्ष्याचे पिलू बापाकडून गाणे शिकत नाही. घरट्याभोवती शत्रूचे लक्ष जाऊ नये म्हणून बाप तिथे गप्प असतो. घरटे सोडल्यावर तरुण नराने इतर प्रौढ नरांना शोधायचे आणि त्यांचे ऐकून शिकायचे. पूर्वी हे सोपे होते. आता कोसच्या कोस उडूनही आपल्या जातीचा नर भेटत नाही.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी शंभरावर नरांची गाणी तपासली. त्यांतले सुमारे १२ टक्के नर आपल्या जातीचे गाणे मुळीच गात नव्हते. ते दुसऱ्याच जातींच्या पक्ष्यांची गाणी गात होते! लायरबर्डची नक्कल हे कसब आहे, यांची नक्कल ही लाचारी आहे. जे कानावर पडले तेच ते शिकले. वेडेवाकडे गाणे गाणाऱ्या नरांना मादी आणि घरटे मिळण्याची शक्यताही कमी, असे आढळले. म्हणजे पक्षी कमी झाले म्हणून गाणे बिघडले, आणि गाणे बिघडले म्हणून पक्षी आणखी कमी होणार.

हे कळले कसे? पूर्वी रानावनांत फिरून लोकांनी ध्वनिमुद्रणे करून ठेवली होती म्हणून. जुने गाणे ऐकायला मिळाले नसते, तर नवे गाणे बिघडलेले आहे हे कोणी सांगितले असते?

ध्वनिफीत शिक्षक होते

सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात १९९५ पासून हे पक्षी वाढवून रानात सोडण्याचे काम चालू आहे. पण पिंजऱ्यात वाढलेल्या नरांनाही रानातले गाणे येत नव्हते. म्हणून पिलांना रानातल्या गाण्याची ध्वनिमुद्रणे ऐकवण्यात आली. पुढे रानात जन्मलेले दोन नर 'गुरुजी' म्हणून आणले गेले. आणि आम्हा शिक्षकांना फार जवळची वाटेल अशी एक गोष्ट दिसून आली. एकेका गुरुजींच्या वर्गात पिलांची गर्दी कमी केल्यावर शिकणे सुधारले! तीन वर्षांत रानातले गाणे शिकणाऱ्या पिलांचे प्रमाण शून्यावरून चाळीस टक्क्यांच्या पुढे गेले.

दरम्यान रानात मात्र त्या गाण्याचे पूर्ण रूप ऐकू येईनासे झाले आणि त्याचे तोकडे रूपच उरले. आज ते पूर्ण गाणे जपले आहे पिंजऱ्यातल्या या पक्ष्यांनी. ते आता त्यांनी रानात परत न्यायचे आहे. नेतील का? त्यासाठी गाण्याबरोबर वनेही परत लावावी लागतील. ते काम चालू आहे.

तुम्ही काय कराल?

एक गोष्ट सांगायची राहिली. जनुकांच्या अभ्यासातून असे दिसते, की जगातल्या सर्व गाणाऱ्या पक्ष्यांच्या वंशाचे मूळ ऑस्ट्रेलियाच्या भूमीत आहे आणि लायरबर्डची शाखा त्यातल्या सर्वांत जुन्या शाखांपैकी आहे. तुमच्या परसातला दयाळ आणि बुलबुल हेही त्याच वंशवृक्षाच्या फांद्यांवरचे!

तेव्हा सुरुवात परसातूनच करा. पहाटे फोन एका जागी स्थिर ठेवा, पंखा बंद करा आणि पाच मिनिटे दयाळाचे गाणे टिपा. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, ठिकाण आणि हवामान सांगा. एवढी माहिती नसेल तर उत्तम ध्वनिमुद्रणाचाही शास्त्राला फारसा उपयोग नाही. पुढे संगणकावर त्याचा ध्वनिआलेख काढा. हेच पुढच्या वर्षी, त्याच महिन्यात, त्याच जागी करा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहा.

आणि तीन पथ्ये पाळा. पक्ष्याला त्याच्याच जातीचे गाणे वाजवून बोलावू नका. प्रतिस्पर्धी आला असे वाटून तो घरटे सोडून भांडायला येतो. घरट्याजवळ जाऊ नका आणि त्याची जागा चारचौघांत सांगू नका. पक्षी गाणे थांबवून तुमच्याकडे पाहू लागला, तर तुम्ही फार जवळ गेला आहात असे समजा आणि हळूच मागे फिरा.

रीजंट हनीईटरचे गाणे टिपणाऱ्यांना त्या वेळी कल्पनाही नसेल, की आपल्या ध्वनिफिती पुढे मोजमापाच्या आणि शिकवण्याच्या कामी येतील. तुमच्या वहीत आणि तुमच्या फोनमध्ये उद्या काय असेल, हे आज कोणी सांगावे? मग उद्या पहाटे उठणार ना?